धावताना गाणी आणि अंतराची नोंद : एकच घड्याळ घ्यावे की दोन वेगळी उपकरणे?

लोकमान्यनगरची पहाट :

सर्वांना नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. आठवड्यातले चार दिवस सकाळी पिपल्यापाला तलावाच्या बाजूला पाच-सहा किलोमीटर धावते आणि रविवारी मैत्रिणींबरोबर सुपर कॉरिडॉरवर दहा-बारा किलोमीटरचा पल्ला असतो. आजवर फोन दंडाला बांधून धावत आले, पण आता तो नकोसा झाला आहे. फोन आकाराने मोठा आहे, पावसाळ्यात पट्ट्याच्या आत पडदा ओला होऊन गाणी आपोआप बदलत राहतात, आणि घरी येऊन धावण्याच्या ॲपमधला नकाशा उघडावा तर मध्येच एक लांबलचक सरळ रेघ दिसते. नकाशाच्या मते मी तलाव पोहून पार केलेला असतो.

मला फोन घरी ठेवून धावायचे आहे. कानात गाणी असावीत, आणि अंतर, वेग व नाडी यांची विश्वास ठेवता येईल अशी नोंद मिळावी, एवढीच अपेक्षा आहे. झोप, ताणतणाव, फोनवरचे निरोप यांत मला रस नाही. गाण्यांची स्थिती मात्र थोडी वेगळी आहे. वडिलांच्या संग्रहातल्या नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या कॅसेटी भावाने संगणकावर उतरवून दिल्या आहेत आणि धावताना मी बहुतेक वेळ त्याच ऐकते. नवी गाणी ऐकण्यासाठी एका सेवेची वर्गणीही भरलेली आहे. जेल रोडवरच्या दुकानांत चौकशी केली, तर समोर ठेवलेल्या प्रत्येक घड्याळाबद्दल ‘यात गाणी चालतात’ एवढेच उत्तर मिळाले. खर्चाची तयारी पंचवीस हजारांपर्यंत आहे. सबळ कारण असेल तर थोडे पुढेही जाता येईल. दोन्ही कामे करणारे एकच घड्याळ घ्यावे, की गाण्यांसाठी वेगळे आणि नोंदीसाठी वेगळे उपकरण घ्यावे?

रामबागकर :

ताई, दुकानदार खोटे बोलत नाहीत, पण त्या एका उत्तरामागे तीन निरनिराळ्या सोयी असतात आणि त्यांतली पहिली तुमच्या काहीच कामाची नाही. या पहिल्या प्रकारात घड्याळावरून फोनमधली गाणी थांबवता येतात, पुढची लावता येतात, आवाज कमी-जास्त करता येतो. फोन घरी राहिला की सगळे संपले. स्वस्त घड्याळांपैकी बहुतेक याच प्रकारची असतात, आणि धावणाऱ्यांसाठीच बनवलेले गार्मिनचे फोररनर ५५ सुद्धा गाण्यांच्या बाबतीत याच रांगेत बसते. दुसऱ्या प्रकारात घड्याळाची स्वतःची साठवण असते आणि संगणकाला तारेने जोडून तिच्यात आपल्या फाइली भरता येतात. कोरोसचे पेस ३ हे याचे चांगले उदाहरण आहे: ४ जीबी साठवण, वजन नायलॉनच्या पट्ट्यासह जेमतेम ३० ग्रॅम, मात्र त्यावर फक्त एमपी३ फाइली वाजतात आणि वर्गणीच्या कोणत्याही सेवेतली गाणी त्यात उतरत नाहीत. तिसऱ्या प्रकारात आपल्या फाइलीही चालतात आणि वर्गणीच्या सेवेतली गाणी वाय-फायवरून घड्याळातच उतरवून ठेवता येतात. गार्मिनचे फोररनर १६५ म्युझिक या प्रकारात येते. येथे नाव नीट वाचावे, कारण नुसते फोररनर १६५ नावाचे, दिसायला अगदी तसेच घड्याळ वेगळे विकले जाते आणि त्यात गाण्यांची साठवण नसते. खोक्यावर ‘म्युझिक’ हा शब्द आहे की नाही, हे पाहूनच पैसे द्यावेत.

वर्गणीच्या गाण्यांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती घड्याळात उतरली तरी आपली होत नाहीत. स्पॉटिफायवर त्यासाठी पैसे भरून घेतलेली योजनाच लागते आणि तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडून घ्यावे लागते, नाहीतर उतरवलेली गाणी वाजेनाशी होतात. तुम्ही बहुतेक वेळ वडिलांच्या कॅसेटी ऐकता, असे स्वतःच लिहिले आहे. म्हणून माझ्या मते निवडीचा पहिला निकष त्या कॅसेटीच असाव्यात: आपल्या फाइली सहज भरता येतात की नाही, हे आधी पाहावे आणि वर्गणीच्या सेवेला दुय्यम स्थान द्यावे.

विजेरीचे, म्हणजे बॅटरीचे, गणितही दुकानात कोणी सांगत नाही. जाहिरातीत लिहिलेले दिवस हे घड्याळ नुसते हातावर असतानाचे असतात. फोररनर १६५ जीपीएस चालू असताना सुमारे १९ तास टिकते, असे कंपनी सांगते. त्यावरच गाणी लावली की तोच आकडा सात तासांच्या आसपास येतो. तुमच्या रोजच्या पल्ल्याला हे भरपूर आहे, पण जाहिरातीतले दिवस डोक्यात ठेवून चार्जिंग विसरलात, तर रविवारी सकाळीच घड्याळ मान टाकेल. ॲपलचे घड्याळ मी यादीत घेतलेले नाही, कारण ते सुरू करून वापरण्यासाठी आयफोन लागतो आणि तुमचा फोन कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही.

छावणीतले काका :

मी या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला आहे. गाण्यांचे काम गाण्यांच्या उपकरणाने करावे आणि घड्याळाने घड्याळाचे. २००६ मध्ये नाइकी आणि ॲपल यांनी मिळून बुटात बसवायची एक सोंगटीएवढी चकती काढली होती; ती आयपॉडला पावलांची माहिती पाठवत असे. गाणी आणि नोंद एकत्र आणण्याचा तो लोकप्रिय झालेला पहिला प्रयत्न म्हणता येईल. पुढे मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडची सगळी मालिकाच बंद केली. मात्र कपड्याला चिमट्याने अडकवायचे साधे एमपी३ वादक इतर कंपन्यांचे आजही मिळतात, त्यांना खऱ्याखुऱ्या कळा असतात आणि ओल्या बोटांनी, न बघता गाणे बदलता येते. पडद्याच्या घड्याळावर घामेजल्या बोटाने हे करून पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

दुसरे कारण ब्लूटूथचे आहे. घड्याळातले गाणे कानापर्यंत २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवरून जाते आणि आपल्या शरीरातले पाणी त्या लहरी शोषून घेते. खोलीत भिंतींवर आपटून त्या कशाबशा कानापर्यंत पोहोचतात. मोकळ्या मैदानात परतवणारे काहीच नसते, आणि घड्याळ डाव्या हातात व मुख्य कानकुपी उजव्या कानात असेल, तर हात मागे गेला की आवाज तुटतो. दुकानात सुरळीत वाजणारे गाणे तलावाकाठी अडखळते, त्याचे कारण हे. तारेच्या हेडफोनला ही व्याधी नाही. गाण्यांची साठवण नसलेले एखादे साधे धावघड्याळ आणि एक चिमट्याचा वादक, एवढ्यात तुमच्या खर्चातून पैसे उरतील.

रामबागकर :

काकांचे ब्लूटूथबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावर उपाय फुकट आहे. हेडफोनचा ज्या बाजूचा भाग घड्याळाशी जोडला जातो, त्याच बाजूच्या मनगटावर घड्याळ बांधावे. तार मात्र मला कधीच मानवली नाही. धावताना ती गळ्याशी आपटत राहते आणि तिच्या घासण्याचा आवाज गाण्यात मिसळतो.

खंडवा नाका :

गाण्यांवर पुरेसे बोलून झाले आहे, म्हणून मी नोंदीकडे वळतो.

ताई, नकाशावरच्या सरळ रेघेचा दोष बहुधा उपग्रहांचा नाही. पुष्कळ अँड्रॉइड फोन विजेरी वाचवण्यासाठी, पडदा बंद झाल्यावर मागे चालू असलेले ॲप झोपवून टाकतात. ते जागे होते तेव्हा मधली नोंद नसल्यामुळे जुना बिंदू आणि नवा बिंदू थेट जोडला जातो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढून एकदा धावून पाहावे. घड्याळ येईपर्यंत तेवढी सोय होईल, आणि घड्याळ घेण्याचे तुमचे एक कारण कमी झाले, तर तेही आधीच कळलेले बरे.

आता अचूकपणाबद्दल. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येईतो अत्यंत क्षीण झालेला असतो. जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. उघड्या आकाशाखाली, म्हणजे तुमच्या तलावाकाठी, आजचे कोणतेही बरे घड्याळ चार-पाच मीटरच्या आत जागा दाखवते. अडचण येते ती संदेश भिंतीवर किंवा काँक्रीटवर आपटून उशिरा पोहोचतो तेव्हा, कारण घड्याळ त्या उशिरालाच अंतर समजते. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत हे नेहमीचे आहे, आणि सुपर कॉरिडॉरवर ३१ मे २०२५ पासून ज्या मार्गावर मेट्रो धावू लागली, त्या उंच मार्गाच्या अगदी खालून किंवा खांबांना चिकटून धावले, तर तिथेही हेच होते. रस्ता पुष्कळ रुंद आहे. मेट्रोच्या मार्गापासून दूरची कड धरली, तर नोंद पुष्कळ सुधारते.

यावरचा तांत्रिक उपाय म्हणजे दोन वारंवारितांवर ऐकणारे घड्याळ. जुनी एल१ वारंवारिता १५७५.४२ मेगाहर्ट्‌झची आहे आणि नवी एल५ ११७६.४५ मेगाहर्ट्‌झची, दोन्ही ऐकणाऱ्या घड्याळाला आपटून आलेला संदेश ओळखून बाजूला काढणे सोपे जाते. वर आलेल्या दोन नावांपैकी पेस ३ मध्ये ही सोय आहे, फोररनर १६५ मध्ये नाही. पण तुमचे चार दिवस तलावाकाठी जात असतील, तर एवढ्यासाठीच जास्त पैसे मोजावेत, असे मी म्हणणार नाही. त्यापेक्षा घड्याळ दोन-तीन दिवसांनी फोनला जोडून घेण्याची सवय अधिक उपयोगी आहे, कारण त्या वेळी उपग्रह पुढचे काही दिवस कुठे असतील याची माहिती घड्याळात उतरते. ती नसेल तर दारात उभे राहून वाट पाहावी लागते, आणि वाट न पाहता धावत सुटले की पहिला अर्धा किलोमीटर वेडावाकडा उमटतो.

लहान बागेत गोल फेऱ्या मारणाऱ्यांनी मात्र जीपीएसवर फार विसंबू नये. सहा मिनिटांना एक किलोमीटर या गतीने आपण सेकंदाला जवळजवळ २.८ मीटर पुढे जातो. घड्याळ दर सेकंदाला नोंद न करता काही सेकंदांनी एकदा करत असेल, तर प्रत्येक वळण कापले जाते आणि अंतर कमी भरते. सेटिंगमध्ये ‘दर सेकंदाला’ हा पर्याय असतो, तो निवडावा. ४०० मीटरच्या धावपट्टीवर तर पट्टीचा क्रमांकही महत्त्वाचा ठरतो. पहिल्या पट्टीचे ४०० मीटर आतल्या काठापासून ३० सेंटिमीटरवर मोजलेले असतात, १.२२ मीटर रुंदीच्या प्रमाण पट्ट्यांवर चौथ्या पट्टीतली एक फेरी ४२२ मीटरांहून थोडी जास्त भरते आणि आठव्या पट्टीतली ४५३ मीटर. म्हणूनच चांगली घड्याळे धावपट्टीच्या पर्यायात पट्टी कोणती, ते आधी विचारून घेतात.

नाडीबद्दल मी अधिक साशंक आहे. मनगटावरच्या घड्याळातला हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्तात शोषला जातो आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्याने तोच प्रकाश कमी-जास्त होतो आणि घड्याळ ठोक्यांऐवजी पावले मोजू लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे: गप्पा मारत आरामात धावत असताना नाडी १७० च्या घरात दिसली आणि तुमची मिनिटाला पडणारी पावलेही तेवढीच असली, तर तो आकडा हृदयाचा नव्हे. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, जरा घट्ट बांधावे. नाडीच्या आधारे सराव आखायचा असेल, तर छातीचा पट्टा घ्यावा; तो हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो, त्यामुळे हाताच्या हालचालीचा त्याच्याशी संबंध येत नाही. घड्याळ ब्लूटूथने त्याला जोडले जाते आणि पट्टा घड्याळाच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो.

लोकमान्यनगरची पहाट :

सर्वांचे मनापासून आभार. फोन अँड्रॉइडच आहे, त्यामुळे ॲपलचा प्रश्न मिटला. बॅटरीचे निर्बंध काढून टाकले आहेत. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भावाने दिलेल्या फाइली डब्ल्यूएव्ही प्रकारातल्या आहेत आणि कॅसेटची एकेक बाजू म्हणजे अर्ध्या तासाची एकच फाइल आहे. त्या ४ जीबीत किती मावतील? दुसरे असे की घरातल्यांचा फोनशिवाय बाहेर पडायला विरोध आहे, विशेषतः रविवारी सुपर कॉरिडॉरवर जाताना.

साउथ तुकोगंज :

घरातल्यांचे म्हणणे मला पटते. घड्याळात ‘आपत्कालीन सूचना’ किंवा ‘मी कुठे आहे ते दाखवा’ अशा सोयी लिहिलेल्या असतात, पण वर चर्चा झालेल्या दोन्ही घड्याळांना स्वतःचे सिम नाही, त्यामुळे जवळ फोन नसेल तर निरोप कोणाकडेही जात नाही. ई-सिमची घड्याळे मिळतात, पण ती महाग असतात, त्यांचा मासिक खर्च वेगळा आणि जीपीएस, गाणी व मोबाइल जोडणी एकदम चालू ठेवली की विजेरी फार लवकर उतरते. माझा सल्ला असा, की रविवारी तुम्ही गटाने धावता, तेव्हा गटातल्या एकीजवळ फोन असावा आणि ती पाळी फिरती ठेवावी. पिपल्यापाल्याला एकटीने जायचे असेल, तर घरी ठरावीक वेळ सांगून निघावे, किंवा कमरेच्या पट्ट्यात एखादा छोटा बटणांचा फोन ठेवावा.

हेडफोनचा विचार घड्याळाइतकाच करावा, असे मला वाटते, कारण गाड्यांच्या रस्त्यावर कान बंद करून धावणे धोक्याचे आहे. गालाच्या हाडावर टेकणारे, हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोन कानाचे छिद्र मोकळे ठेवतात आणि मागून येणारी गाडी ऐकू येते. त्यांत ठेक्याचे खालचे सूर पातळ लागतात, पण नाट्यसंगीतात गळा आणि ऑर्गन यांचे महत्त्व जास्त, तेव्हा तुमचे फारसे अडणार नाही. पोहणाऱ्यांसाठी बनवलेल्या अशा काही हेडफोनमध्ये एमपी३ची साठवणही असते, कारण पाण्याखाली ब्लूटूथ चालत नाही. ते धावतानाही वापरता येतात, आणि मग घड्याळात गाणी असण्याची गरजच राहत नाही. काकांच्या मताचा हा बिनतारी अवतार म्हणावा.

गोंगाटाच्या रस्त्यावर मोकळ्या कानाच्या हेडफोनचा आवाज आपण नकळत वाढवत नेतो, तेवढे मात्र सांभाळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरली आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो.

जाता जाता एक सूचना. नोंदीचा नकाशा सार्वजनिक ठेवणार असाल, तर घराभोवतीचा भाग लपवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करावा. स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदींच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकत्रित नकाशावरून जानेवारी २०१८ मध्ये परदेशांतले लष्करी तळ उघडे पडले होते, तेही केवळ तिथल्या जवानांच्या रोजच्या फेऱ्यांवरून. आपल्याकडे इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत राहणाऱ्या धावकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. एकटीने ठरावीक वेळी धावणाऱ्या बाईनेही.

छावणीतले काका :

स्पर्धेचा विचार असेल तर हेही सांगून ठेवतो. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांनुसार स्पर्धेच्या क्षेत्रात रेडिओ, फोन किंवा तत्सम उपकरण वापरणे म्हणजे मदत घेणे समजले जाते. नाडी, वेग आणि अंतर मोजणारे उपकरण मात्र, त्यावरून दुसऱ्या कोणाशी संपर्क होत नसेल तर, चालते. हौशी धावकांना आयोजक पुष्कळदा सूट देतात, तरी नाव नोंदवताना माहितीपत्रक वाचून घ्यावे. गाणी वेगळ्या उपकरणात असली, की असा प्रश्न आला तर तेवढे उपकरण घरी ठेवता येते.

रामबागकर :

ताईंच्या फाइलींबद्दल. डब्ल्यूएव्ही फाइल सीडीच्या दर्जाची असेल, तर मिनिटाला १० एमबीहून थोडी जास्त जागा घेते, म्हणजे कॅसेटच्या अर्ध्या तासाच्या बाजूला ३०० एमबीच्या वर. ४ जीबीत अशा डझनभर बाजूही कशाबशा मावतील. त्याच फाइली १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये बदलल्या, तर एक बाजू ३० एमबीच्या आत बसते आणि शंभराच्या आसपास बाजू सहज राहतात. जुन्या कॅसेटच्या आवाजात या बदलाने धावताना जाणवेल असा फरक पडत नाही. मूळ फाइली संगणकावर तशाच राहू द्याव्यात.

बदलण्याआधी ऑडेसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बाजू उघडून दोन पदांमधल्या शांत जागी तुकडे करावेत, नाहीतर मधले एखादे पद ऐकण्यासाठी धावता धावता अर्धी बाजू पुढे सारावी लागेल. काही घड्याळे फाइलीचे नाव दाखवतात, काही फाइलीच्या आतल्या माहितीतले शीर्षक. म्हणून पदाचे नाव दोन्ही ठिकाणी लिहावे, आणि आधी एकच फाइल भरून ते देवनागरीत नीट उमटते का ते तपासावे. घरी उतरवलेल्या कॅसेटींचा आवाज कमी-अधिक असतो, तेव्हा त्याच सॉफ्टवेअरमध्ये सर्व तुकडे एका पातळीवर आणून ठेवावेत. एक पद ऐकू येईना म्हणून वाढवलेला आवाज पुढच्या पदाला थेट कानावर आदळतो, आणि त्या क्षणी बोट घड्याळावर नेणे धावताना जमतेच असे नाही.

घड्याळाबाबत माझे मत आता अधिक पक्के झाले आहे. फोन अँड्रॉइड, गाणी मुख्यतः स्वतःची, रविवारी मेट्रोच्या मार्गाशेजारून धावणे आणि झोप-ताणतणावात रस नाही, हे सगळे पाहता पेस ३ घ्यावे, पैसे उरले तर त्यांत छातीचा पट्टा आणि हाडावरचे हेडफोन पाहावेत, आणि वर्गणीची गाणी घरी ऐकावीत. वर्गणीची गाणी धावतानाही हवीच असतील, तरच फोररनर १६५ म्युझिककडे वळावे.